कोर्सला निघालेल्या नायकाची तयारी

दिवाळी सरली की आमच्या कोरेगाव तालुक्यात पहाटे पाचलाच डांबरी रस्त्यांवर पोरं पळायला लागतात. कुणी सोळाशे मीटर किती मिनिटांत मारलं, हे चहाच्या टपरीवर सगळ्यांना पाठ असतं. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादम्या गावोगाव निघाल्या आहेत. मुलगा भरती झाला की वेशीवर बॅनर लागतो, घरोघर पेढे जातात. दुसऱ्या टोकाला, अधिकारी होऊ पाहणाऱ्यांचीही सोय आहे. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून एनडीएसाठी मुलं घडवते आहे. एसएसबीचं, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाचं, बोलावणं आलेल्यांसाठी नाशिक रोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. दोन्ही कामं मोलाची आहेत आणि ती अशीच चालावीत. मला बोलायचंय ते या दोन टोकांच्या मधल्या माणसाबद्दल. रस्त्यावर पळून भरती झालेला तोच मुलगा काही वर्षांनी दंडावर फीत लावतो, सेक्शन त्याच्या हाती येतो, नेतृत्वाच्या कोर्सला त्याचं नाव लागतं. त्या वेळी त्याच्या तयारीकडे गावाचं, सरकारचं आणि पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या पलटणीचंही लक्ष नसतं.

ज्यांच्या घरात फौज नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लान्स नायक, नायक आणि हवालदार हे फौजेतले एनसीओ. त्यांच्या वर नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर हे जेसीओ, त्यांच्या वर अधिकारी. इन्फंट्रीचा सेक्शन साधारण दहा जणांचा, त्याचा कमांडर हवालदार किंवा नायक. तीन सेक्शनची एक प्लाटून, तीन प्लाटूनची एक रायफल कंपनी. कागदावर सेक्शन ही सगळ्यात खालची पायरी. पण डोंगरात रात्रीची गस्त निघते, धुकं उतरतं, रेडिओवर फक्त खरखर ऐकू येते, तेव्हा कंपनी कमांडर कुठल्या तरी दुसऱ्या धारेवर असतो आणि पुढे जायचं की थांबायचं हे त्या हवालदाराने ठरवायचं असतं. मागे उभे असलेले आठ-नऊ जण त्याच्या तोंडाकडे बघत असतात. त्यातल्या कुणाचं गेल्या महिन्यात लग्न झालेलं असतं, कुणाच्या घरी पाळणा हललेला असतो.

मी आर्मी एज्युकेशन कोअरमध्ये होतो. पदवी घेऊन हवालदार म्हणून दाखल झालो आणि सुभेदार होऊन बाहेर पडलो. मधल्या काळात वेगवेगळ्या पलटणींबरोबर राहिलो. आमचं काम शिकवण्याचं. जवानांच्या शिक्षणाच्या परीक्षा, हिंदी, गणित, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मॅप रीडिंग. पचमढीला आमचं कॉलेज आहे, तिथे नकाशा शिकवायचा कसा हे आम्ही शिकलो. त्यामुळे कोर्सला निघालेली माणसं मी जवळून बघितली आहेत. मराठे, गढवाली, शीख, दक्षिणेकडची मुलं. कुणी 'ए' ग्रेडिंग आणि शिवाय इन्स्ट्रक्टर व्हायला लायक असा शेरा घेऊन परतला, कुणाला आरटीयू करून, म्हणजे कोर्स अर्धवट ठेवून, पलटणीत परत धाडलं. परत आलेल्यांपैकी बहुतेक जण हिमतीत कमी नव्हते, अंगातही कमी नव्हते. त्यांची तयारीच चुकीच्या गोष्टींची झालेली होती.

तयारी नेमकी कशाची हवी, ते दोन नायकांच्या उदाहरणांवरून सांगतो. आपल्या रायगड जिल्ह्यातले यशवंत घाडगे दुसऱ्या महायुद्धात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत नायक होते. माणगावला त्यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांचा सेक्शन अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडला. सगळे पडले, कुणी ठार, कुणी जखमी. उभे राहिले फक्त सेक्शन कमांडर. बरोबर यायला कुणी उरलेलं नाही हे माहीत असून घाडगे त्या मोर्चावर धावले. ग्रेनेड टाकून गन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपलं, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिनेच मारलं. मग शत्रूच्या स्नायपरांनी त्यांना गाठलं. जिंकलेल्या मोर्चातच त्यांनी प्राण सोडला. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांना मरणोत्तर मिळाला.

दुसरे नायक जदुनाथ सिंग, राजपूत रेजिमेंटचे. ६ फेब्रुवारी १९४८, नौशेराजवळचं तैनधार. दुसऱ्या नंबरच्या पिकेटवर, म्हणजे पुढच्या चौकीवर, ते आणि त्यांची माणसं मिळून नऊ जण होते. पहिल्या हल्ल्यात चार जखमी झाले. दुसऱ्या हल्ल्यापर्यंत सगळेच जखमी झाले, तेव्हा जखमी गनरची ब्रेनगन त्यांनी स्वतः हातात घेतली. तिसऱ्या हल्ल्यावर ते स्टेनगन घेऊन एकटे चालून गेले आणि तिथेच पडले. ते परमवीर झाले. शाळेत आपण मुलांना ही शेवटची धाव सांगतो आणि तिथे थांबतो. मी वर्गात नेहमी पहिल्या आणि दुसऱ्या हल्ल्यामधल्या वेळेबद्दल विचारायचो. त्या थोड्या वेळात या नायकाने जखमी, थकलेल्या माणसांची पुन्हा मांडणी केली, कुणाला कुठे बसवायचं हे ठरवलं आणि ती माणसं पुन्हा लढायला उभी राहिली. तिसऱ्या हल्ल्याच्या वेळी पिकेट आपल्या ताब्यात होतं ते त्या मांडणीमुळे. धाडस माणूस घरून घेऊन येतो. मांडणी त्याला कुणीतरी शिकवावी लागते, आणि एनसीओंचे कोर्स त्यासाठीच असतात.

हे कोर्स ठिकठिकाणी चालतात. बरेलीला ज्युनिअर लीडर्स अकादमी आहे, तिथे सगळ्या शाखांचे जेसीओ आणि एनसीओ जातात. महूच्या इन्फंट्री स्कूलची ज्युनिअर लीडर्स विंग आपल्या बेळगावात आहे, मराठा रेजिमेंटच्या सेंटरच्या गावातच. माझा भाचा मराठा पलटणीत नायक आहे, त्याचं नाव यंदा बेळगावच्या कोर्सला लागलं. सुट्टीवर आला तो काळ्या पत्र्याच्या ट्रंकेत झेरॉक्सचा गठ्ठा घेऊनच. मला म्हणाला, "मामा, हे सगळं पाठ केलं की झालं, असं सिनिअर सांगतात." गठ्ठा मी चाळून बघितला. मागच्या तीन-चार कोर्सांच्या प्रेसी, म्हणजे अभ्यासाची टिपणं, त्यांतले प्रश्न, आणि शेजारी निळ्या शाईत उत्तरं. या उत्तरांना फौजेत 'डीएस सोल्यूशन' म्हणतात, म्हणजे शिकवणाऱ्या स्टाफला जे अपेक्षित असतं ते.

पलटणीत कोर्सआधी प्री-कोर्स कॅडर घ्यायची पद्धत आहे. नेमकी माणसं निवडून त्यांना काही आठवडे बाजूला काढायचं, त्यांच्यावर एक चांगला उस्ताद नेमायचा आणि सकाळपासून रात्रीपर्यंत तयारी करून घ्यायची. जिथे हे मनापासून होतं तिथली पोरं कोर्समध्ये उठून दिसतात. पण मी असंही बघितलंय की कॅडर कागदावर चालू असतो आणि त्यातली निम्मी पोरं गार्ड ड्यूटीला, निम्मी एखाद्या बड्या पाहुण्याच्या भेटीसाठी दगडांना चुना मारायला गेलेली असतात. एका पलटणीत तर ज्याचं नाव महिनोन्महिने यादीत होतं त्याला ऐनवेळी सुट्टीवर जावं लागलं. दुसऱ्याच एका नायकाच्या हाती मूव्हमेंट ऑर्डर आणि रेल्वेचं वॉरंट देऊन त्याला त्याच संध्याकाळी गाडीत बसवलं. त्या माणसाने होकायंत्र हातात धरून वर्षं झाली होती. कोर्सची जागा रिकामी जाऊ नये एवढाच त्यामागचा विचार. माणूस परत येईल तेव्हा त्याच्या कपाळावर कायमचा शिक्का बसलेला असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही. कोर्सचं ग्रेडिंग त्याच्या कागदांत आयुष्यभर राहतं. पुढची फीत, इन्स्ट्रक्टर म्हणून पोस्टिंग, पुढे जेसीओ होण्याची वाट, हे सगळं त्या एका अक्षराशी बांधलेलं असतं.

अंगाच्या तयारीबद्दल फार सांगायला नको, ती आपल्या पोरांना समजते. बीपीईटी या शारीरिक क्षमतेच्या परीक्षेत पाठीवर वजन आणि हातात रायफल घेऊन पाच किलोमीटर धावावं लागतं, शिवाय दोर, शिवाय नऊ फुटांचा खड्डा. अडचण एवढीच की तिशीला आलेला माणूस वर्षभर ऑफिसात किंवा स्टोअरमध्ये काम करतो आणि शेवटच्या महिन्यात एकदम सुटतो. मग नडगी धरते, गुडघा सुजतो, आणि कोर्सचा पहिला आठवडा एमआय रूमच्या, म्हणजे दवाखान्याच्या, बाकावर जातो. चार महिने आधीपासून थोडं थोडं वजन वाढवत धावावं, यापलीकडे त्यात काही गुपित नाही.

खरं पाणी जोखलं जातं ते नकाशावर. भाच्याची प्रेसी मी बाजूला ठेवली आणि त्याला सर्व्हे ऑफ इंडियाच्या आमच्या भागाच्या नकाशासमोर बसवलं. एकास पन्नास हजाराचा नकाशा, म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर जमिनीवर एक किलोमीटर. व्याख्या त्याला धडाधड येत होत्या. रिसेक्शन म्हणजे काय, तर ओळखीच्या दोन ठिकाणांची बेअरिंग, म्हणजे उत्तरेपासूनचे कोन, घ्यायची, त्यांची उलट बेअरिंग काढायची, नकाशावर रेघा मारायच्या, रेघा छेदतात तिथे आपण. हे त्याने न अडखळता सांगितलं. होकायंत्र वापरताना लोखंडापासून आणि विजेच्या तारांपासून लांब राहावं, हेही सांगितलं. मग आम्ही गावाबाहेरच्या माळावर गेलो. तिथून जरंडेश्वरचा डोंगर दिसतो आणि कल्याणगडही. त्याने दोन्हींची बेअरिंग घेतली, गणित केलं, रेघा मारल्या. रेघा छेदल्या त्या शेजारच्या गावाच्या ओढ्यात. त्याने गणित पुन्हा केलं, पुन्हा ओढाच आला. गणितात काहीच चूक नव्हती. तो मोटारसायकलला टेकून उभा होता आणि होकायंत्राची सुई त्या गाडीच्या लोखंडाकडे ओढली जात होती.

मी त्याला तेव्हा काही बोललो नाही. त्याचं त्यालाच कळेपर्यंत थांबलो, आणि ते कळायला बराच वेळ गेला. पाठ केलेला नियम आणि हातात उतरलेला नियम यांत केवढं अंतर असतं, हे तिथे दिसलं. बेअरिंगमध्ये एका अंशाची चूक झाली की एक किलोमीटरवर सुमारे १७ मीटर बाजूला जातो माणूस. पाच अंश चुकला आणि चार किलोमीटर चालला, तर साडेतीनशे मीटर. दिवसा हे निभावतं. रात्री, सुरुंग पेरलेल्या पट्ट्याच्या कडेने वाट असेल तर निभावत नाही. आमच्या शाळांमध्ये कोन आणि प्रमाण हे विषय मुलांच्या डोक्यावरून जातात आणि मास्तरही पुढे सरकतात. त्याची किंमत पंधरा वर्षांनी अशी कुठेतरी वसूल होते. आठवीच्या मुलांना वर्षातून एकदा तरी होकायंत्र देऊन डोंगरावर न्यावं, असं मला फार वाटतं. फौजेत जाणार नसलेल्यांनाही त्याचा उपयोगच होईल.

दुसरी कसोटी हुकुमाची. सेक्शन कमांडरने कारवाईआधी आपल्या माणसांना तोंडी हुकूम द्यायचा असतो आणि त्याचा क्रम ठरलेला असतो. शत्रू कुठे आणि आपले कुठे, मग आपलं काम काय, मग ते कसं करायचं, मग दारूगोळा, पाणी, जखमींची व्यवस्था, आणि शेवटी कमांडर कुठे असेल, संपर्क कसा ठेवायचा. सँड मॉडेलसमोर उभं राहून हा हुकूम द्यायचा. कोर्समध्ये रंगीत भुशाने मॉडेल बनवतात. आम्ही अंगणात काळी माती ओतली, ओढ्यासाठी रांगोळीचा निळा रंग, रस्त्यासाठी सुतळी, घरांसाठी काड्यापेटीच्या डब्या. आळीतली आठ-नऊ पोरं सेक्शन म्हणून बसवली. कुणी एलएमजीचा, म्हणजे हलक्या मशीनगनचा, एक नंबर, कुणी दोन नंबर, कुणी स्काउट.

भाच्याने हुकूम दिला. आवाज खणखणीत, क्रम अचूक, सगळे मथळे जागच्या जागी. शेवटी फौजेच्या रिवाजाप्रमाणे त्याने विचारलं, "कोई शक?" पोरं गप्प. भाचा माझ्याकडे वळला, त्याच्या मते हुकूम उत्तम झाला होता. तेवढ्यात एलएमजीचा दोन नंबर झालेला, सातवीतला एक मुलगा म्हणाला, "दादा, पण मी नेमका कुठं थांबू?" त्याने विचारल्यावर बाकीचेही बोलायला लागले. स्काउटला कळलं नव्हतं की ओढा ओलांडायचा की अलीकडेच थांबायचं. एकाला तर आपण कुणाच्या मागून चालायचं हेही माहीत नव्हतं. सगळा हुकूम देऊन झाला होता आणि ऐकणाऱ्यांपैकी एकालाही स्वतःचं काम सांगता येत नव्हतं.

मी वर्गात हेच सांगत आलो. "कोई शक?" विचारलं की फौजेत एकच उत्तर येतं, "नहीं साहब." शंका विचारणारा मंद ठरतो, म्हणून कुणी विचारत नाही. चांगला कमांडर तिथे थांबत नाही. तो बोट दाखवून म्हणतो, "तू सांग, तू काय करशील?" आणि सगळ्यात शेवटी बसलेल्या, सगळ्यात नवख्या जवानाकडून उत्तर घेतो. भाच्याने दुसऱ्या दिवशी हुकूम पुन्हा दिला तेव्हा प्रत्येक पोराला त्याची जागा मातीवर काडीने दाखवली आणि प्रत्येकाकडून त्याचं काम वदवून घेतलं. हुकूम दुप्पट लांबला. मी म्हणालो, आता याला छाट. मग तो रोज संध्याकाळी अंगणात छाटत बसायचा. त्याची आई वैतागायची, कारण अंगण झाडायला मिळत नव्हतं.

माझं मुख्य म्हणणं इथे येतं. नेतृत्वाच्या कोर्सची तयारी म्हणजे प्रेसी पाठ करणं नाही आणि नुसतं धावणंही नाही. ज्याला दहा जणांचा कमांडर व्हायचंय त्याला आधी खरोखर दहा जण द्यावे लागतात. पलटणीत त्याच्याकडे सहा महिने सेक्शन पूर्णपणे सोपवा. त्याच्या जवानांपैकी कुणी सुट्टीवर जायचं, गस्तीत कुणाला पुढे ठेवायचं, रेंजवर कमी पडलेल्याकडून सराव कसा करून घ्यायचा, हे त्याला ठरवू द्या. चुकला तर कंपनी कमांडरने बाजूला बोलावून सांगावं, जवानांसमोर नाही. आज पुष्कळ ठिकाणी सेक्शन कमांडरला विचारावं लागतं की पोरांना पाणी प्यायला सोडू का. वर्षभर प्रत्येक गोष्टीला वरची परवानगी मागत राहिलेला नायक बेळगावच्या सँड मॉडेलसमोर उभा राहिला की एकदम निर्णय कुठून घेणार? कंपनी कमांडर तरुण असतात, त्यांनाही भीती असते की खाली चूक झाली तर जाब त्यांनाच द्यावा लागेल. ती भीती मला समजते. तरीही सांगतो, शांततेत छोट्या चुका करू दिल्या नाहीत तर मोठी चूक कुठेतरी उंचावर, रात्री होते.

आणखी एक गोष्ट आपल्या पोरांच्या बाबतीत खास आहे. कोर्समध्ये सगळ्या भारतातली माणसं एकत्र येतात आणि बोलायचं सगळं हिंदीत. आपली पोरं हिंदी समजतात, लिहितात, पण वीस अनोळखी माणसांसमोर पाच मिनिटं उभं राहून बोलायचं म्हटलं की जीभ अडते. मराठा पलटणीत एकमेकांत मराठीच चालते, त्यामुळे सराव राहत नाही. हत्याराचा धडा शिकवायला सांगितला तर त्याचाही क्रम ठरलेला असतो, "शुरू-शुरू का काम" पासून "दोहराई" पर्यंत. पण हाच जवान आपल्या पलटणीत नव्या पोराला रायफल खोलून दाखवताना किती सुंदर समजावतो हे मी पाहिलंय. जवळ बसून, हात धरून, न चिडता. ती कला त्याच्याकडे आहे. अनोळखी वर्गासमोर ती बाहेर काढायला फक्त सराव लागतो, आणि सराव मोठ्याने बोलूनच होतो. मी भाच्याला रोज एक विषय द्यायचो. तो गोठ्यासमोर उभा राहून बोलायचा, मी कडेला घड्याळ घेऊन बसायचो.

आता घराबद्दल. जवानाला वर्षाला दोन महिने वार्षिक सुट्टी मिळते, वर कॅज्युअल लीव्ह. घरात साठलेली सगळी कामं त्या सुट्टीत उरकायची असतात. सातबाऱ्यावरची नोंद, बांधाचा वाद, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, भावाची सोयरीक. माझ्या वर्गातला एक हवालदार रात्रीच्या नेव्हिगेशनच्या परीक्षेत चुकला. हुशार माणूस, दिवसा त्याची कधी चूक होत नसे. नंतर कळलं की त्या दिवशी दुपारी घरून फोन आला होता, भाऊबंदांनी बांध कोरला म्हणून. रात्रभर त्याच्या डोक्यात कदमांची मोजणी नव्हती, बांध होता. कोर्स चालू असेपर्यंत असल्या गोष्टी फोनवर त्याच्या कानावर घालू नयेत, एवढं घरच्यांनी पाळलं तरी फार झालं. आणि तहसील कचेरीने, तलाठ्याने जवानाचं काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नये. सीमेवरचा माणूस चकरा मारू शकत नाही, हे काही नव्याने सांगायची गोष्ट नाही. भाच्याची बायको या बाबतीत फार खंबीर आहे. तिने सासूला सांगून ठेवलंय की विहिरीच्या मोटरीचा खर्च, पोराची फी, पाहुण्यांची भांडणं, यातलं काही बेळगावला कळवायचं नाही.

हा विषय आजच का मांडतोय, तर २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. अग्निवीर चार वर्षांसाठी येतो आणि त्यांतले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे नियमित सेवेत राहतात. पुढच्या काळातले नायक आणि हवालदार याच पोरांमधून निघणार. त्यांच्या हाताखालीही पुन्हा चार वर्षांसाठी आलेली तरुण पोरं असणार. पूर्वी सेक्शनमध्ये दहा-बारा वर्षं नोकरी झालेले दोन-तीन जुने शिपाई असायचे. नायक गडबडला तर ते हळूच सांभाळून घ्यायचे. सेक्शनचं वय कमी झालं की तो आधार पातळ होतो आणि सगळा भार फीत लावलेल्या माणसावर येतो. योजना चांगली की वाईट यावर पुष्कळ वाद झाले आहेत, त्यात मी आज शिरत नाही. पण या योजनेत एनसीओची तयारी पूर्वीपेक्षा जास्त लवकर आणि जास्त नीट करावी लागेल, याबद्दल मला शंका नाही.

कुणी म्हणेल, हे काम फौजेचं आहे, त्यात नागरी लोकांनी कशाला पडायचं? मुख्य काम फौजेचंच आहे. प्री-कोर्स कॅडरला कमांडिंग ऑफिसरने हात लावू देता कामा नये, त्यातला माणूस गार्डला, खेळाच्या टीमला, पाहुण्याच्या बंदोबस्ताला काढू नये, आणि नाव बदलायचंच असेल तर निदान दोन महिने आधी बदलावं. पण वर्षातले दोन-तीन महिने हा माणूस आपल्या गावात असतो. त्या काळात त्याला घरातल्या एखाद्या निवृत्त मामाच्या भरवशावर सोडायचं का? ज्यांच्या घरात असा मामा नाही त्यांनी काय करायचं? साताऱ्यात, कोल्हापुरात, सांगलीत निवृत्त झालेले उस्ताद शेकड्यांनी आहेत. इन्फंट्री स्कूलला शिकवून आलेले आहेत, आमच्या कोअरचे आहेत, सिग्नलचे आहेत. त्यांतले पुष्कळ जण आज बँकेच्या दारात किंवा साखर कारखान्याच्या गेटवर बसलेले असतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी त्यांची एक यादी करावी. तालुक्याच्या ठिकाणी एक खोली, भिंतीवर सर्वांसाठी खुले असलेले दोन-चार नकाशे, थोडी होकायंत्रं, प्रोट्रॅक्टर आणि मॉडेलसाठी वाळूचा एक चौक. सुट्टीवर आलेल्या आणि कोर्सला नाव लागलेल्या जवानाने रविवारी सकाळी यावं, नकाशा घेऊन डोंगरावर जावं, दुपारी उभं राहून बोलावं. गोपनीय असं यात काहीच नाही. शिकवायचं ते भूमितीचं, बोलण्याचं आणि माणसं सांभाळण्याचं. अधिकारी होणाऱ्यांसाठी राज्याने संस्था उभ्या केल्या, त्यामानाने याला खर्च किती येईल?

भाचा पुढच्या सोमवारी निघतोय. ट्रंक भरून झाली आहे, झेरॉक्सचा गठ्ठा त्याने घरीच ठेवला. कोरेगावच्या केंद्राचा विचार कुणी केला तर रविवारची सकाळ माझी, आणि आमच्या गावातले दोन निवृत्त हवालदारही येतो म्हणाले आहेत. खोली मिळेपर्यंत आमचं अंगण आहे. माती अजून तिथेच पडून आहे.